चौथा माणूस शोधण्याआधी खुर्चीचा हिशेब मांडा

प्रश्न : यंत्रांची देखभाल-दुरुस्ती करणारी आमची १७ जणांची कंपनी आहे. आम्ही दोघं भागीदार, सहा तंत्रज्ञ, विक्रीचे दोघं, आठवड्यातून दोन दिवस येणारे हिशेबनीस आणि बाकीचे कार्यशाळेत. 'ऑफिस मॅनेजर' या एकाच जागेवर १४ महिन्यांत तीन जण आले आणि गेले. पहिली पाच महिने टिकली, दुसरा सात आठवडे, तिसरा नवव्या दिवशी 'घरगुती अडचण' सांगून गेला. आणखी दोघांनी मुलाखतीनंतर नकार कळवला. काम तसं अवघड नाही. दिवसाला २५-एक तक्रारींचे फोन, तंत्रज्ञांच्या भेटी लावणं, आठवड्याला ६० बिलं, वसुलीचे ३० फोन, १० कोटेशन, सुट्या भागांचा साठा, सोशल मीडियावर तीन पोस्ट, महिन्याचा अहवाल आणि आम्ही दोघं सांगू ती इतर कामं. जाहिरातीत सगळं लिहिलं होतं : पदवी, पाच वर्षांचा अनुभव, हिशेबाचं सॉफ्टवेअर, डिझाइनची जाण, तीन भाषा, ताणाखाली काम करायची तयारी. आता पगार वाढवू, की जास्त अनुभवी माणूस घेऊ? की हल्ली लोकांना कामच नको आहे? नवी जाहिरात सोमवारी द्यायची आहे.
— एक भागीदार

उत्तर :

सोमवारची जाहिरात थांबवा. तीन वेगळ्या स्वभावांची माणसं एकाच जागेवरून उठून गेली असतील, तर आधी जागा तपासायची, माणसं नंतर.

माणूस किती दिवसांनी गेला यावरूनही बरंच कळतं. पहिल्या पंधरवड्यात जाणाऱ्याला बहुतेक वेळा सांगितलेलं एक आणि दिसलेलं दुसरंच असा अनुभव आलेला असतो. दीड-दोन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत जाणाऱ्याला काम समजलेलं असतं, आणि ते दिवसात मावत नाही किंवा जबाबदारी आपली पण अधिकार दुसऱ्याचा, हेही समजलेलं असतं. दीड-दोन वर्षांनी जाणाऱ्याला पुढची वाट दिसत नसते. हे ठोकताळे आहेत, नियम नव्हेत. तुमच्याकडे पहिले दोन्ही प्रकार झाले. तिसऱ्यापर्यंत कुणी पोचलंच नाही, म्हणून बढतीचा विषय आज बाजूला ठेवू.

तुम्ही आकडे दिलेत हे बरं झालं. त्यांना मिनिटं लावून बघू. मिनिटं आम्ही धरलेली आहेत, तुमची वेगळी असतील तर बदला. एक तक्रार ऐकून नोंदवायला ६ मिनिटं, म्हणजे २५ फोनांचे दिवसाला अडीच तास आणि आठवड्याला साडेबारा. तंत्रज्ञांच्या भेटी लावणं, मोडणं, पुन्हा लावणं यात रोजचा दीड तास, म्हणजे साडेसात. एका बिलाला ८ मिनिटं, ६० बिलांचे ८ तास. वसुलीचा एक फोन नोंदीसकट १० मिनिटांचा, ३० फोनांचे ५ तास. कोटेशन अर्ध्या तासाला एक, त्याचे ५. साठा मोजायला ३ आणि मागणी नोंदवायला २ मिळून ५. पोस्ट दीड तासाला एक धरली तर साडेचार. महिन्याचा अहवाल सहा तासांचा, आठवड्यावर पसरला तर दीड. आणि 'आम्ही दोघं सांगू ती कामं' दिवसाला फक्त एक तास धरली, तरी आणखी ५.

बेरीज ५४ तास. आठवडा ४० तासांचा.

म्हणजे काम अवघड नाही हे तुमचं म्हणणं खरं आहे. यातलं एकेक काम कुणालाही जमेल, सगळी मिळून कुणालाच जमणार नाहीत. वर हा हिशेब एकही फोन दुसऱ्या कामाच्या मध्येच वाजत नाही, असं गृहीत धरून केलेला आहे. तो तर बिल करतानाच वाजतो.

४० तासांत ४० तासांचं काम बसवलं की झालं, असंही नाही. तक्रारी वेळापत्रक बघून येत नाहीत. कधी सकाळी तासाभरात १२ फोन, कधी दुपारभर शांतता. असं अवेळी येणारं काम एकाच माणसाकडे साचतं, तेव्हा रांगेचं साधं गणित लागू होतं. माणूस ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर १० मिनिटांचं काम, रांगेतला वेळ धरून, सरासरी ५० मिनिटांनी हातावेगळं होतं. ९० टक्क्यांवर तेच १०० मिनिटांवर जातं आणि ९५ टक्क्यांवर २०० मिनिटांवर. शेवटच्या पाच टक्क्यांत भार जेमतेम वाढला, पण थांबणं दुप्पट झालं. तेव्हा ही जागा आखताना ३२ तासांचंच काम धरा. उरलेले आठ तास आरामाचे नाहीत. चुका निस्तरणं, नवं शिकणं, आजारी सहकाऱ्याचं काम उचलणं आणि महिनाअखेरची गर्दी त्यांतूनच भागते.

५४ मधून ३२ गेले, उरले २२. हे २२ तास या खुर्चीवरून उचलून कुठे ठेवायचे, हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न आहे.

तो कागदावर सोडवण्याआधी १० कामाचे दिवस नोंद ठेवा. सध्या ही कामं ज्यांच्यात वाटली गेली आहेत, त्यांनीच ती ठेवायची. दर अर्ध्या तासाला एक ओळ पुरते : काय केलं, किती मिनिटं लागली, मध्ये कुणी थांबवलं, आणि कुणाच्या होकारासाठी अडकून बसावं लागलं. दहांपैकी तीन-चार दिवस महिनाअखेरचे असू द्या, नाहीतर बिलांचा आकडा खोटा निघेल. दिवस संपल्यावर आठवून लिहिलेली नोंद निरुपयोगी असते. माणसाला मोठी कामं आठवतात, दोन-दोन मिनिटांची तीस कामं आठवत नाहीत, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खात असतं. नोंद कशासाठी आहे हेही लोकांना आधी सांगून टाका. तुमचा वेग मोजत नाही, जागेचं काम मोजतोय. हे सांगितलं नाही तर प्रत्येक जण आठ तास भरून दाखवेल.

आता वाटणी. कामं विभागाप्रमाणे वाटायची सवय असते : हिशेबाचं इकडे, ग्राहकांचं तिकडे. त्यापेक्षा काम कुठल्या जातीचं आहे ते बघा. फोन उचलणं आणि भेटी लावणं ही हाक आली की उठायची कामं. बिलं, कोटेशन, साठ्याची मोजणी ही मान खाली घालून करायची. दोन्ही एकाच वेळी एकाच टेबलावर ठेवली की फोन उचलले जातात आणि बिलात शून्य जास्त पडतं. मग बोल लागतो त्या माणसाच्या निष्काळजीपणाला.

दुसरी अडचण नात्याची. सकाळी जिने 'तंत्रज्ञाला उशीर झाला, माफ करा' म्हणायचं, तिनेच दुपारी त्याच ग्राहकाला 'तुमचे पैसे थकलेत' म्हणायचं. ग्राहक सकाळच्या उशिराचा हिशेब दुपारी चुकता करतो, वसुली होत नाही आणि फोन करायचीच धास्ती बसते. वसुली दुसऱ्या आवाजात झाली पाहिजे.

तिसरी अडचण विश्वासाची. सुटे भाग मागवणं, साठा मोजणं आणि त्याची बिलं चढवणं एकाच हातात असेल, तर एखादा भाग हरवला की संशय त्या एकाच माणसावर जातो. मागवणारा आणि मोजणारा वेगळे ठेवायचे, ते प्रामाणिक माणसाच्या संरक्षणासाठीच.

या तीन चाळण्या लावल्या की तुमच्या यादीची वाटणी साधारण अशी होते. वसुलीचे ५ तास हिशेबनिसांकडे. त्यांच्या दोन दिवसांत ते मावत नसतील तर त्यांचा अर्धा दिवस वाढवा. तो खर्च होईल, पण दर चार महिन्यांनी नवा माणूस शोधण्यापेक्षा कमी. कोटेशनचे ५ तास विक्रीच्या दोघांकडे. भाव त्यांनाच ठरवायचा असतो, मग टंकायला तिसरा कशाला? साठ्याचे ५ तास फोडा. मोजणी एखाद्या ज्येष्ठ तंत्रज्ञाकडे, कारण कुठला भाग कुठल्या यंत्राला बसतो हे त्यालाच ठाऊक. मागणी नोंदवणं कार्यशाळेकडे. पोस्टचे साडेचार तास बाहेर द्या किंवा आठवड्याला तीनऐवजी एकच पोस्ट ठेवा. त्या पोस्टमुळे किती चौकशा आल्या हे मोजलंच नसेल, तर तीन महिने बंदच ठेवून बघा. आणि भागीदारांच्या किरकोळ कामांचे ५ तास तुमचे तुम्हाला परत. ५, ५, ५, साडेचार, ५ : एकूण साडेचोवीस. खुर्चीवर उरले साडेएकोणतीस, म्हणजे ३२ च्या आत.

इथे एक फसगत हमखास होते. मोजणीचे तीन तास तंत्रज्ञाकडे दिले आणि त्याच्या भेटी तेवढ्याच ठेवल्या, तर तुम्ही खड्डा बुजवला नाही, फक्त सरकवला. त्या आठवड्याच्या त्याच्या वेळापत्रकातून तीन तास आधी खोडा, मग मोजणी लिहा. विक्रीच्या दोघांचंही तसंच.

तुम्ही विचाराल, बिलं मान खाली घालून करायची तर ती या खुर्चीवर का ठेवली? मुद्दाम. कामाची काटछाट करताना उलटी चूकही होते : चांगलं ते सगळं काढून घ्यायचं आणि उरलेल्या माणसाने दिवसभर फक्त ओरडा ऐकायचा. हॅकमन आणि ओल्डहॅम या दोन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात काम माणसाला धरून कशाने ठेवतं याची पाच अंगं मांडली : कौशल्यांची विविधता, कामाचा अख्खेपणा, त्याचं महत्त्व, स्वतः ठरवायची मोकळीक आणि झालेल्या कामाचा परिणाम दिसणं. तुमच्या जागेला अख्खेपणा सगळ्यात जास्त लागू पडतो. तक्रार आली, तिला तारीख दिली, तंत्रज्ञ गेला, यंत्र सुरू झालं, बिल गेलं : हा धागा एकाच हातात राहिला तर संध्याकाळी 'आज १९ तक्रारी मिटवल्या' असं म्हणता येतं. नुसता फोनच हातात असेल तर मोजायला फक्त तक्रारी उरतात.

म्हणून बिलं ठेवा, पण त्यांना शांतता द्या. आठवड्यातले चार दिवस रोज दोन तास फोन दुसऱ्याकडे. आठ तासांची बिलं त्यांत होतात. त्या दोन तासांत फोन घेणारा माणूस कायमचा ठरवा, 'कुणीतरी घेईल' असं सोडलं तर ती व्यवस्था तिसऱ्या दिवशी मोडते. याचा दुसरा फायदा रजेच्या दिवशी कळेल. फोनचं काम जाणणारा दुसरा माणूस आयता तयार झालेला असतो.

आता अधिकार. तुम्ही दोघंही काम सांगता हे पत्रात सहज लिहून गेलात, पण पाणी तिथेही मुरतंय. एका माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून यावा, हे हेन्री फेयॉलने १९१६ साली लिहून ठेवलं, आणि छोट्या कंपनीत ते रोज मोडलं जातं, कारण सगळे एकाच खोलीत बसतात. तुमच्यातल्या एकाने या जागेचा वरिष्ठ व्हायचं. दुसऱ्याने काम द्यायचं ते त्याच्यामार्फत. तरीही दोन कामं एकदम अंगावर आली तर आधी कुठलं, हा क्रम लिहून भिंतीवर लावा. उदाहरणार्थ : ज्याचं यंत्र बंद पडून उत्पादन थांबलंय तो पहिला, आज भेट ठरलेला ग्राहक दुसरा, बिलं तिसरी, अहवाल शेवटी. या चार ओळींनी दिवसातले निम्मे 'काय करू?' संपतात.

बाकीच्या निर्णयांचे तीन ढीग करा : स्वतः ठरवायचं, करून मग सांगायचं, विचारून करायचं. भेटीची वेळ बदलणं पहिल्या ढिगात. नाराज ग्राहकाला एका भेटीचं शुल्क माफ करणं दुसऱ्यात, पण महिन्याला किती वेळा तो आकडा लिहून ठेवा. जुनी थकबाकी असलेल्याकडे तंत्रज्ञ पाठवायचा की नाही, हे तिसऱ्यात. नोंदीतल्या 'होकारासाठी अडकलो' या रकान्यात जे पाच-सहा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतील, तेवढे भरले तरी पुरे. ढीग ठरवल्यावर एक पथ्य पाळायचं. पहिल्या ढिगातला निर्णय तुम्हाला पटला नाही तरी ग्राहकासमोर फिरवायचा नाही. एकदा फिरवलात की दुसऱ्या दिवसापासून सगळे ढीग 'विचारून करायचं' होतात आणि तुमचा फोन वाजत राहतो.

मोजमापही हातात असलेल्या गोष्टींचंच हवं. 'ग्राहकाचं समाधान' या जागेच्या हातात नाही, यंत्र नीट झालं की नाही ते तंत्रज्ञाच्या हातात आहे. त्याऐवजी : दिवस संपताना प्रत्येक खुल्या तक्रारीसमोर पुढची तारीख आहे का, काम झाल्यापासून दोन दिवसांत बिल गेलं का, १०० बिलांत दुरुस्तीसाठी परत आलेली किती. तीन पुरेत. सातवं मोजमाप लावाल तेव्हा पहिल्या तिघांकडे कुणी बघत नसेल.

पदाच्या नावाबद्दल थोडं परखड. हाताखाली एकही माणूस नाही, खर्चाचा अधिकार नाही, आणि नाव 'मॅनेजर' : नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. या नावाने अर्ज येतात ते आधीच माणसं सांभाळलेल्यांचे, आणि फोन हातात आला की ते जातात. मुलाखतीनंतर नकार देणारे दोघं याच कारणाने गेले असतील का, हे त्यांना फोन करून विचारा. आता त्यांना खरं सांगायला काही अडचण नाही. 'सेवा समन्वयक' म्हणा. काम तेच आहे.

यानंतर जाहिरात. तुमच्या अटींपैकी प्रत्येकीला एक प्रश्न विचारा : हे पहिल्या दिवशी यायलाच हवं, की सहा आठवड्यांत शिकवता येईल? हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं बिल करणं आठवड्यात शिकता येतं. डिझाइनची गरज पोस्टबरोबर गेली. तीन भाषांपैकी तुमचे ग्राहक फोनवर खरोखर बोलतात त्याच ठेवा. पदवी कशासाठी मागितली, याचं उत्तर 'सगळे मागतात' असेल तर काढून टाका. पाच वर्षांचा अनुभव कशाचा? फोनवर चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलायला आणि चार गोष्टी एकदम ध्यानात ठेवायला वर्षं लागतात असं नाही. उरतात तीन अटी : फोनवर स्पष्ट आणि शांत बोलणं, वेळापत्रक डोक्यात मांडता येणं, लिखाणात अचूकपणा. अटी जितक्या जास्त तितका चांगला माणूस मिळतो हा समज उलटा आहे. लांब यादी बघून प्रामाणिक माणूस 'यातल्या दोन मला येत नाहीत' म्हणून मागे सरतो, आणि बेधडक माणूस सगळ्यांवर खूण करतो.

'ताणाखाली काम करायची तयारी' ही ओळ तर काढाच. वाचणारा तिचा अर्थ बरोबर लावतो : इथे गोंधळ आहे आणि तो तुम्ही निस्तरायचाय. त्याजागी ताण नेमका कुठला ते लिहा. असं काहीतरी :

'दुरुस्तीच्या तक्रारी घेऊन सहा तंत्रज्ञांच्या भेटी लावणं आणि झालेल्या कामाची बिलं करणं, हे या जागेचं काम. आठवड्यातला साधारण दोन तृतीयांश वेळ फोन आणि वेळापत्रकात जातो, पाव वेळ बिलांत, उरलेला अहवालात. दिवसाला २५ च्या आसपास फोन येतात. त्यांतले काही चिडलेल्या ग्राहकांचे असतात, कारण त्यांचं यंत्र बंद असतं. बिलांसाठी आठवड्यातले चार दिवस दोन तास फोन बंद मिळतो. महिन्याचे शेवटचे तीन दिवस धावपळीचे असतात. वसुली, विक्री आणि साठा या जागेकडे नाही. भेटीच्या वेळा तुम्ही ठरवाल, त्या कुणी परस्पर बदलणार नाही.'

खाली कामाचे तास, पगार आणि वरिष्ठ कोण ते. पगाराचा आकडा द्याच. तो दिला नाही तर अर्ज करणाऱ्यांतले बरेच आकडा ऐकून परत जातात, आणि तोवर तुमचे दोन आठवडे गेलेले असतात.

कामाची वाईट बाजू आधीच सांगितली तर माणसं पळतील, ही भीती जुनी आहे. जॉन वॅनस या संशोधकाने १९७३ साली टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीवर हे तपासलं होतं. काही उमेदवारांना नेहमीची गोड चित्रफीत दाखवली, काहींना खरं काम दाखवणारी. खरी बघणाऱ्यांनी नोकरी नाकारली असं झालं नाही. त्यांच्या अपेक्षा जमिनीवर राहिल्या आणि नोकरी सोडण्याचे विचार कमी आले. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम माफकच दिसला आहे, त्यामुळे त्यावर सगळी भिस्त नको. ५४ तासांचं काम कितीही खरं सांगितलं तरी ते ५४ तासांचंच राहतं. आधी जागा दुरुस्त, मग तिचं खरं वर्णन, हा क्रम उलटा करू नका.

मुलाखतीत 'तुमचे गुण-दोष सांगा' यात वेळ घालवू नका. काम द्या. एका कागदावर सहा तंत्रज्ञांचं उद्याचं वेळापत्रक, दुसऱ्यावर आत्ता आलेल्या आठ तक्रारी. त्यांतल्या दोघांचं उत्पादन बंद, एकाची थकबाकी जुनी, एक तंत्रज्ञ सकाळीच आजारी. ४० मिनिटं द्या, आणि उमेदवाराने वेळापत्रक लावून कुणाला काय सांगेल ते बोलून दाखवावं. सगळ्यांना तोच कागद, आणि गुण कशाला किती द्यायचे ते आधी लिहिलेलं. नाहीतर जो आवडला त्याला गुण जास्त पडतात. उत्तर अचूक आलं की नाही यापेक्षा बघा : माहिती अपुरी आहे हे कळल्यावर प्रश्न विचारला का? ज्याला आज भेट मिळणार नाही त्याला तसं स्पष्ट सांगितलं की आशा लावून ठेवली? शेवटच्या दोघांना अर्धा दिवस त्या टेबलाशेजारी बसवा, महिनाअखेर असेल तर उत्तम, आणि त्या वेळेचे पैसे द्या. तुम्ही तिथे थांबू नका. नवव्या दिवशी जाणारा माणूस इथेच, तिसऱ्या तासाला नाही म्हणेल, आणि ते दोघांच्याही फायद्याचं.

आल्यावर पहिले आठ आठवडे पायरीने भार. पहिला आठवडा फक्त ऐकणं आणि एकेक दिवस दोन तंत्रज्ञांबरोबर बाहेर जाणं. यंत्र बंद पडतं म्हणजे काय होतं, हे एकदा पाहिलं की फोनवरचा आवाज बदलतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अर्धे फोन, चौथ्यापासून सगळे. बिलं पाचव्यापासून, आठव्यात पूर्ण. सात, तीस आणि साठ दिवसांनी वीस मिनिटं बसून एकच प्रश्न विचारा : जाहिरातीत लिहिलं होतं त्यापेक्षा काय वेगळं निघालं? 'काही अडचण?' असं विचारलं की 'नाही' येतं. वेगळं काय निघालं असं विचारलं की यादी येते. त्या यादीतली एक तरी गोष्ट आठवड्याभरात बदलून दाखवा, म्हणजे पुढच्या वेळीही खरं सांगितलं जाईल.

एवढं करूनही सहा महिन्यांनी ये रे माझ्या मागल्या होऊ शकतं, आणि ते कुणी ठरवून करत नाही. 'हे जरा बघून घे' असं म्हणत महिन्याला अर्धा तास वाढला, तरी वर्षात सहा तास होतात. म्हणून खुर्चीवर तासाचं नवं काम ठेवायचं तर तासाचं जुनं उचलायचं, आणि काय उचललं ते काम देणाऱ्यानेच सांगायचं. तात्पुरतं काम असेल तर शेवटच्या तारखेसकट, चार आठवड्यांच्या आत संपणारं. दर सहा महिन्यांनी पाच दिवस तीच अर्ध्या तासाची नोंद पुन्हा ठेवा. आकडा ३५ च्या वर गेला की माणूस बोलण्याची वाट न बघता वाटणीला बसा. बहुतेक माणसं बोलत नाहीत, राजीनामा देतात.

उरले तुमचे तीन प्रश्न. पगार : नवं काम ठरल्यावर, तशाच कामाला आसपास काय मिळतं ते बघून ठरवा. तुम्ही त्याखाली असाल तर वाढवा, कारण नीट आखलेली जागा कमी पगार झाकत नाही. पण आजच्या ५४ तासांवर पगार वाढवलात तर चौथा माणूस पाच महिन्यांऐवजी आठ महिने टिकेल, इतकंच. जास्त अनुभवी माणूस : नको. त्याला पहिल्या आठवड्यातच कळेल की ही दीड माणसाची जागा आहे, आणि त्याच्याकडे दुसरीकडे जायचे मार्गही जास्त असतात. लोकांना काम नको आहे का : तुमची पहिली ऑफिस मॅनेजर ५४ तासांच्या जागेवर पाच महिने टिकली. तिला फोन करा, वाटणीचा नवा कागद दाखवा आणि यात काय राहिलं ते विचारा. त्या खुर्चीबद्दल तुमच्या कंपनीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

सोमवारी जाहिरातीऐवजी नोंदीचे कागद वाटा. दहा दिवस नोंद, दोन दिवस वाटणी, एक दिवस तंत्रज्ञ आणि विक्रीच्या दोघांशी बोलणी. जाहिरात तिसऱ्या आठवड्यात निघेल. तोवर फोन कोण घेणार, हे तुम्ही दोघांनी वाटून घ्या : एक आठवडा तुम्ही, एक आठवडा भागीदार. नोंदही तुमच्याच हातची होईल.